मागच्या रांगेतले तीन मनोरे

तारीख १ नोव्हेंबर १९६५, सोमवार सकाळ. लातूरहून निघालेले तुम्ही इंग्लंडातल्या यॉर्कशायरमध्ये, फेरीब्रिज वीजकेंद्राच्या कुंपणाशी उभे आहात. पश्चिमेचा वारा असा सुटलाय की धड पाय रोवता येत नाही. समोर पाणी थंड करणारे आठ मनोरे, दोन रांगांत. उंची ११४ मीटर, आणि कवचाची जाडी बहुतेक ठिकाणी जेमतेम ५ इंच. आपल्याकडच्या अर्ध्या विटेच्या भिंतीएवढी.

वारा पुढच्या रांगेवर थेट आदळतोय, म्हणून तुमची नजर तिथेच. मागे बघा. पुढच्या दोन मनोऱ्यांमधल्या फटीत वारा आवळला जातो, वेग धरतो. त्यांच्या पाठीमागे सुटणारे भोवरे मागच्यांना हिसके देतात. कवच थरथरतं, आत-बाहेर होतं. वाऱ्याकडच्या बाजूला तळाचं काँक्रीट वर ओढलं जातं. मनोऱ्याचं स्वतःचं वजन ती ओढ पेलायला पुरत नाही आणि आत सळ्यांचा एकच थर. काँक्रीट चिरतं, कवच फाटत खाली येतं. मग दुसरा मनोरा. तासाभरात तिसराही. तिन्ही मागच्या रांगेतले. माणूस एकही दगावला नाही, केवढं नशीब!

पुढे चौकशीत उलगडा झाला. हिशेब मिनिटभराच्या सरासरी वेगावर बेतला होता, सेकंदा-दोन सेकंदांचे झोत त्यात धरलेच नव्हते. शिवाय वाऱ्याच्या बोगद्यातली चाचणी एकट्या, सुट्या मनोऱ्याची. मला ही दुसरी चूक जास्त टोचते. आठ उभारायचे हे पहिल्या दिवसापासून ठाऊक असताना शेजार कुणी मोजलाच नाही.

आता मे महिन्यातल्या लातुरात या. तेलगिरणीच्या आवारात पत्र्याचे सायलो एकमेकांना खेटून उभे आहेत. सोयाबीनचा हंगाम कधीच सरलाय, बरेचसे रिकामे. भरलेलं धान्य पत्र्याला आतून रेटून धरतं. रिकाम्याला तो आधार नाही, म्हणून वळवाच्या वावधानात वाऱ्याकडचा पत्रा आधी आत चेपतो. मालक आणखी एक रांग टाकायची म्हणतोय. डिझाइनचे कागद मागवा. वाऱ्याचा भार एका सायलोवर काढलाय की सगळ्या रांगांचा विचार करून, आणि सायलो रिकामे धरून की भरलेले, हे इंजिनिअरला तोंडावर विचारा. उत्तर मिळेपर्यंत पायाचं काँक्रीट ओतू देऊ नका.