निवाडा कोणाचा? ग्रीक पुराणकथांतील देवस्पर्धी कलावंत

ग्रीक पुराणकथांत देवांशी बरोबरी करू पाहणाऱ्यांना होणारी शिक्षा ही ‘ह्यूब्रिस’ची, म्हणजे मर्यादाभंगाच्या उन्मादाची शिक्षा होय, असे सामान्यतः मानले जाते. थामिरिस, मार्सियस आणि अराक्नी या तीन कलावंतांच्या कथा शेजारीशेजारी ठेवून वाचल्या, तर हे स्पष्टीकरण अपुरे ठरते.

‘इलियड’च्या दुसऱ्या सर्गातील नौकांच्या सूचीत थ्रेशियन गायक थामिरिसचा उल्लेख अवघ्या काही ओळींत येतो. प्रत्यक्ष म्यूझदेवता गायल्या तरी आपणच जिंकू, ही त्याची बढाई. संतप्त देवता त्याला अपंग करतात, त्याचे दिव्य गान हिरावून घेतात आणि वादनाचाही विसर पाडतात. होमर येथे स्पर्धेचे वर्णनच करीत नाही. अपराध उक्तीचा आहे. आणि गान हे देवतांचेच देणे असल्याने ते परत घेण्याचा त्यांचा अधिकार गृहीतच आहे.

मार्सियसच्या कथेत स्पर्धा प्रत्यक्ष घडते. अथेनाने टाकून दिलेला औलोस हा जोडनळीचा पावा उचलून फ्रिजियातील हा सॅटर अपोलोला आव्हान देतो. अपोलोडोरसच्या नावावर असलेल्या संग्रहानुसार, अपोलो आपले तंतुवाद्य उलटे धरून वाजवतो आणि प्रतिस्पर्ध्यालाही तसेच करण्यास सांगतो. पाव्यावर ते अशक्यच. निकाल गुणवत्तेवर नव्हे, अटीवर लागतो; मार्सियसचे कातडे सोलले जाते. प्लेटो ‘रिपब्लिक’मध्ये अपोलोचीच वाद्ये श्रेष्ठ ठरवतो. मात्र त्याच्याच ‘सिंपोझियम’मध्ये अल्किबायडीझ सॉक्रेटिसला मार्सियसची उपमा देतो, आणि त्या सॉक्रेटिसला इ. स. पू. 399 मध्ये अथेन्सने मृत्युदंड दिला होता. दंडिताविषयीची ही द्विधा ग्रीक परंपरेच्या आतलीच आहे.

ओव्हिडच्या ‘मेटामॉर्फसिस’च्या सहाव्या सर्गात हा प्रश्न उघड होतो. लिडियातील रंगाऱ्याची मुलगी अराक्नी अथेनासमोर माग मांडते. अथेना आपल्या वस्त्रात देवसभा विणते, आणि चार कोपऱ्यांत उद्धट मर्त्यांना झालेल्या शिक्षा. अराक्नी विणते ती देवांनी वेषांतर करून स्त्रियांची केलेली फसवणूक. तिच्या कामात अथेनाला, किंबहुना साक्षात मत्सरालाही दोष काढता आला नाही, असे कवी स्वतःच सांगतो. तरीही देवता ते वस्त्र फाडते, धोट्याने तिच्या कपाळावर प्रहार करते. अराक्नी गळफास घेते आणि कोळी होऊन उरते.

ऑगस्टसने इ. स. 8 मध्ये ओव्हिडला टोमिसला हद्दपार केले. परंतु हे काव्य तोवर जवळजवळ पूर्ण झाले होते. म्हणून अराक्नीत कवीचे आत्मचरित्र शोधण्याचा मोह टाळणेच इष्ट. महत्त्वाचे आहे ते कथेच्या रचनेतील स्थित्यंतर. थामिरिसच्या बढाईची परीक्षाच होत नाही, मार्सियस अटीत हरतो, अराक्नी मात्र हरतच नाही. स्पर्धेला त्रयस्थ पंच नाही. शिक्षा देवता करते, पण कलाकृतीचा निवाडा कवी देतो. शिक्षेचा अधिकार आणि निवाड्याचा अधिकार येथे एकमेकांपासून विलग होतात. ‘ह्यूब्रिस’ या एका शब्दात ही कथा कोंबणे म्हणजे अथेनाच्या वस्त्राचे चार कोपरे तेवढे वाचणे होय.