अरुंद नळीची कुळकथा

ठासणीची बंदूक म्हटली की आपल्या वाचकाच्या डोळ्यांपुढे कोकणातल्या शेतकऱ्याने रानडुकरांपासून पिकाच्या रक्षणार्थ परवान्याने बाळगलेली गुळगुळीत नळीची बंदूक उभी राहते. परंतु जिच्या नळीत आतून पेचदार आटे कोरलेले असतात त्या ठासणीच्या रायफलीचे, आणि विशेषतः तिच्या अरुंद नळीच्या शाखेचे, मूळ शोधू जाता अठराव्या शतकातील पेनसिल्व्हेनियात, लँकेस्टरच्या आसपास वसलेल्या जर्मन कारागिरांच्या भट्टीपाशी जाऊन थांबावे लागते. मायदेशाहून आणलेली त्यांची ‘येगर’ रायफल आखूड व ठेंगणी असून तिच्या नळीचा व्यास ०.६० इंचाच्या घरात असे. पण अरण्यात महिनोन्‌महिने फिरणाऱ्या शिकाऱ्यास शिसे दुर्मीळ, आणि जे मिळे तेही पाठीवरूनच वाहायचे. सबब नळी लांबत गेली व व्यास ०.४५ वर, प्रसंगी त्याहूनही खाली, आला.

या आकुंचनामागील हिशेब मोठा मनोरम आहे. गोळ्याचे वजन व्यासाच्या घनाप्रमाणे बदलत असल्यामुळे एक पौंड शिशातून ०.६० च्या नळीसाठी जेमतेम २२ गोळ्या पडत, तर ०.४५ साठी सुमारे ५४ आणि खारी टिपणाऱ्या ०.३२ साठी दीडशेच्या आसपास. झाडात रुतलेली गोळी उकरून पुन्हा साच्यात ओतणाऱ्या गृहस्थाला याहून अधिक काय हवे?

पुढे हाच घन उलटला. मिसिसिपीपलीकडील गवे आणि अस्वले हलक्या गोळीस दाद देईनात, तेव्हा सेंट लुईसच्या हॉकेन बंधूंनी ०.५० च्या वरच्या जाड नळ्या घडविल्या. आणि विसाव्या शतकात या हत्याराचे पुनरुज्जीवन झाले तेव्हा थोरल्या व्यासाचा हा वारसाच बाजारात वरचढ ठरला. १९८५ साली टोनी नाइट यांनी सरळ रेषेत ठिणगी देणारी रायफल आणल्यानंतर गोळीभोवती प्लास्टिकचे वेष्टन घालण्याचा प्रघात बोकाळला. ०.५० च्या नळीत त्या वेष्टनातून पिस्तुलाच्या ०.४४-०.४५ च्या तयार गोळ्या सहज बसत; ०.४५ च्या नळीस मात्र ०.४० ची गोळी लागे आणि तिचे वाण थोडे. भरीस भर कायद्याची: अमेरिकेच्या कोलोरॅडो राज्यात साध्या हरणासाठी ०.४० चालते, पण एल्क या थोराड हरणासाठी ०.५० हवी. एकच रायफल घेणारे गिऱ्हाईक मग अर्थातच ०.५० कडे वळते. नळीला मागणी नाही म्हणून दुकानदार गोळ्या ठेवीत नाही, आणि गोळ्या नाहीत म्हणून नळी खपत नाही. २००१ च्या सुमारास अनेक कारखानदारांनी ०.४५ चा मोठा गाजावाजा केला, पण मालाला उठाव लाभला नाही.

वस्तुतः त्यांचे शास्त्र खोटे नव्हते. समान वजनाची बारीक, लांबट गोळी हवेचा विरोध अधिक सहज भेदते. म्हणूनच २०१९ साली सीव्हीए या कंपनीने ‘पॅरामाउंट’ नामक ०.४५ ची रायफल आणताना तिच्याजोगी गोळीही जोडीने बाजारात आणली. ती भरते २८० ग्रेन. म्हणजे पौंडाला अवघ्या २५!