घाटाची जकात

स्वित्झर्लंडला असलेला भाचा सांगत होता, "मामा, इकडे वर्षाचे 40 फ्रँक भरून काचेवर चिठ्ठी चिकटवली की मोठ्या रस्त्यांवर वर्षभर हिंडा." मला आमचा बोरघाट आठवला.

घाटात पैसे घेणं आपल्याकडे नवीन नाही. जुन्नरजवळच्या नाणेघाटातल्या दगडी रांजणात जकातीची नाणी टाकत, असं सांगतात. इथे मावळात लोहगड-विसापूर घाटवाटांवर नजर ठेवून उभे आहेत, ते काय उगाच? 1830 साली गव्हर्नर माल्कमनं बोरघाटाचा गाडीरस्ता खुला केला. 2002 साली द्रुतगती मार्ग पूर्ण झाला.

2004 मध्ये त्याची टोलवसुली 15 वर्षांसाठी कंत्राटानं दिली. म्हणजे 2019 ला सुटका, असं आम्ही बोटांवर मोजलं. तर 2020 मध्ये पुन्हा 2030 पर्यंतचं कंत्राट! 2023 साली मोटारीला मुंबई-पुणे एका फेरीचे 320 रुपये झाले. 2025 मध्ये केंद्रानं 3000 रुपयांत 200 फेऱ्यांचा वार्षिक पास आणला, पण तो राष्ट्रीय महामार्गांचा. हा रस्ता राज्याचा, त्यामुळे इथे तो चालत नाही.

चांगल्या रस्त्याला पैसे द्यायला माझी ना नाही. मुदत ठरवली की ती संपावी, एवढंच. असो. पुण्याला लेकीकडे जायला मला आपली लोणावळा लोकल बरी.