इख्थुस : आद्य ख्रिस्ती श्रद्धावंतांची माशाची खूण

दोन वक्र रेषांनी काढलेला मासा आपण वेदीच्या वस्त्रावर, लग्नपत्रिकेवर, क्वचित दुचाकीच्या मागेही पाहतो. या खुणेचा अर्थ काय, असे भाविक अनेकदा विचारतात.

ग्रीक भाषेत माशाला 'इख्थुस' म्हणतात. या शब्दाच्या पाच ग्रीक अक्षरांनी पाच शब्द आरंभतात : इयेसुस, ख्रिस्तोस, थेऊ, हुइऑस, सोतेर, म्हणजेच येशू, ख्रिस्त, देवाचा, पुत्र, तारणारा. एका शब्दात संपूर्ण श्रद्धांगीकार सामावला आहे.

इ. स. 200 च्या सुमारास अलेक्झांड्रियाचे क्लेमेंट यांनी ख्रिस्ती लोकांनी मुद्रेच्या अंगठीवर कबुतर, मासा, जहाज किंवा नांगर कोरावा असे सुचविले. त्याच काळी टर्टुलियन यांनी स्नानसंस्काराच्या पाण्यात जन्मलेल्या भाविकांना लहान मासे म्हटले. रोममधील संत कॅलिस्टस यांच्या भूमिगत दफनभूमीत मासा व भाकरीची टोपली एकत्र रंगविलेली आहे. तेथे मासा ख्रिस्तप्रसादाचा निर्देश करतो. एकाने धुळीत अर्धा मासा काढावा आणि दुसऱ्याने तो पुरा करावा, ही कथा मात्र लोकप्रिय असली तरी तिला प्राचीन लेखांचा आधार नाही.

आपल्या गोदाकाठालाही गुप्त खुणा नवीन नाहीत. महानुभाव पंथीयांनी आपले मराठी ग्रंथ 'सकळ', 'सुंदरी' अशा सांकेतिक लिप्यांत जतन केले. विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी सकळ लिपीचा उलगडा केला, तेव्हा मराठी वाङ्मयाचे मोठे दालन सर्वांना खुले झाले. लिपीने ग्रंथ राखले. परंतु जे झाकलेले असते त्याविषयी बाहेर गैरसमज वाढतात, हा अनुभवही त्या पंथाला आला.

आद्य ख्रिस्तमंडळीचा अनुभव निराळा नव्हता. ख्रिस्ती लोक एकांतात नरमांस खातात, असा आळ त्यांच्यावर होता. दुसऱ्या शतकाच्या मध्यास संत जस्टिन यांनी रोमन सम्राट अँटोनायनस पायस यांना उद्देशून लिहिले आणि स्नानसंस्कार व रविवारची उपासना कशी होते ते उघडपणे सांगितले. पुढे त्यांनी रक्तसाक्ष दिली. इ. स. 313 मध्ये ख्रिस्ती धर्माला मोकळीक मिळाली, आणि कालांतराने क्रूस हेच प्रमुख चिन्ह झाले.

औरंगाबाद धर्मप्रांतातील परभणी जिल्ह्यात आपण संख्येने थोडे आहोत. मिस्सामध्ये काय होते, असे शेजारी कुतूहलाने विचारतात, कधी शंकेनेही. अशा वेळी आम्हांला संत जस्टिन यांचा मार्ग योग्य वाटतो : संकोच न करता साध्या शब्दांत सांगावे. मासा ही आपसांतील ओळख आहे. जगाने आपल्याला कशावरून ओळखावे, हे प्रभूने योहानकृत शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात सांगून ठेवले आहे : आपल्या परस्परांवरील प्रीतीवरून.