खोटी मधमाशी, खोटी शीर आणि नीरेचा कालवा

मराठीत माश्यांना नावं काही कमी नाहीत. घरातली साधी माशी, गुरांवरची गोमाशी, मधमाशी, गांधीलमाशी, ज्वारीची खोडमाशी, पेरू-आंब्यातली फळमाशी... जरा नीट पाहिलं तर लक्षात येतं की यातल्या प्रत्येकीशी आपलं काहीतरी देणंघेणं आहे. जी डसते, जी नासवते किंवा जी मध देते तिलाच नाव मिळालंय. बाकीच्या सगळ्या नुसत्या 'माश्या'.

या बाकीच्यांत एक अशी आहे की जिला नाव असायलाच हवं होतं. कोथिंबीर बियांसाठी सोडली आणि फुलोऱ्यात आली की त्यावर हमखास दिसते. पोटावर पिवळे-काळे पट्टे. हवेत एकाच जागी टांगल्यासारखी थांबते, मग एकदम बाजूला सटकते आणि पुन्हा थांबते. इंग्रजीत हिला हॉवरफ्लाय म्हणतात, आणि शेतीच्या मराठी पत्रकांत 'सिरफिड माशी' छापतात, जे शेतात कुणी म्हणत नाही. बारामतीची माझी आत्या मात्र हिला 'खोटी मधमाशी' म्हणते. "चावत बी न्हाय आन् मध बी देत न्हाय, नुसतं सोंग," हे तिचं स्पष्टीकरण.

आत्याचं वर्गीकरण तसं चोख आहे. मधमाशीला पंखांच्या दोन जोड्या असतात, हिला एकच. हिच्या स्पर्शिका अगदी आखूड, डोळे डोकंभर, आणि नांगी नाहीच. मधमाशीचं किंवा गांधीलमाशीचं सोंग घेतलं की पक्षी वाटेला जात नाहीत, म्हणून हा पिवळा-काळा वेष. या सोंगाला माणसंही फसली. मेलेल्या बैलाच्या कलेवरातून मधमाश्या जन्मतात अशी युरोपात शेकडो वर्षं समजूत होती. १८९४ मध्ये ओस्टेन-सॅकेन या माश्यांच्या अभ्यासकाने दाखवलं की त्या मधमाश्या नव्हत्याच, सडक्या पाण्यात वाढणाऱ्या सिरफिड माश्या होत्या!

गंमत म्हणजे या कुळाची शास्त्रीय खूणसुद्धा 'खोटी'च आहे. हिच्या पंखात एक जास्तीची शीर दिसते. ती बाकीच्या शिरांना कुठेच नीट जोडलेली नसते, म्हणून तिला 'खोटी शीर' म्हणतात. ती दिसली की माशी सिरफिड कुळातली असं बहुतेक वेळा खुशाल धरून चालायचं.

आता थोडा इतिहास. १७५८ मध्ये लिनिअसने या माश्या घरातल्या माशीबरोबर 'मस्का' या एकाच प्रजातीत कोंबल्या होत्या. त्याचा शिष्य फॅब्रिशियस याने १७७५ मध्ये 'सिर्फस' ही वेगळी प्रजाती केली, आणि १८०२ मध्ये फ्रान्सच्या लात्रेयने पूर्ण कूळ वेगळं काढलं. फॅब्रिशियस कील विद्यापीठात प्राध्यापक होता. कील तेव्हा डेन्मार्कच्या राजाकडे होतं आणि तमिळ किनाऱ्यावरचं तरंगमबाडीही डेन्मार्ककडेच. त्यामुळे तरंगमबाडीच्या माश्या टाचणीला टोचून, जहाजात बसून युरोपात पोचत. आपल्याकडे करडईच्या माव्यावर सर्रास दिसणारी 'इस्किओडॉन स्क्युटेलॅरिस' ही फॅब्रिशियसने १८०५ मध्ये नाव दिलेली माशी. तेव्हा ती 'स्काएव्हा' प्रजातीत होती. पुढे प्रजाती बदलली, जातीचं नाव राहिलं. म्हणजे आडनाव बदललं पण पाळण्यातलं नाव तेच!

फॅब्रिशियसनंतर कीलमध्येच व्हीडेमान आला. पेशाने प्रसूतिशास्त्राचा प्राध्यापक, पण छंद माश्यांचा. युरोपाबाहेरच्या माश्यांवरचा त्याचा ग्रंथ १८२८ आणि १८३० असा दोन खंडांत निघाला. त्यातल्या एका माशीला त्याने 'कॉन्फ्रेटर' नाव दिलं. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ साधारण 'गुरुबंधू' किंवा 'सहकारी बंधू'. हे नाव लक्षात ठेवा, सहकारी साखर कारखान्यांच्या मुलखात ते पुन्हा येणार आहे.

भारतातल्या या माश्यांचा पहिला मोठा ग्रंथ एनरिको ब्रुनेट्टी याचा. हा गृहस्थ व्यवसायाने संगीतकार! बरीच वर्षं कलकत्त्यात राहिला आणि माश्या गोळा करत गेला. 'फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया' मालेतला त्याचा सिरफिड माश्यांचा खंड १९२३ मध्ये आला. त्यात माश्या कुठे मिळाल्या ती गावं वाचत गेलं की दार्जिलिंग, सिमला, मसुरी, कलकत्ता हीच नावं फिरून फिरून येतात. साहेब उन्हाळ्यात जिथे जायचे तिथल्या माश्यांची नोंद झाली. आज भारतातून या माश्यांच्या साडेतीनशेच्या वर जाती माहीत आहेत, जगात सहा हजारांच्या वर. पण कुठली माशी कुठे आढळते याचा नकाशा पाहताना हे विसरून चालत नाही, की तो नकाशा माश्यांचा असतो तितकाच बघणाऱ्यांचाही असतो. जिथे कुणी जाळी घेऊन हिंडलंच नाही तिथला कागद कोराच राहणार.

मग आपल्या बारामती-इंदापूरचं काय? इथे माशीच्या आधी पाण्याचा इतिहास बघावा लागतो. १८७६-७७ च्या दुष्काळात या दोन तालुक्यांचे हाल झाले. त्यानंतर भाटघरचं धरण बांधून नीरेचा डावा कालवा काढला आणि १८८५ च्या सुमारास त्यात पाणी सुटलं. त्या कालव्याने दोन्ही तालुक्यांचे उभे दोन भाग केले. खाली बागायत, वर जिरायत. खालच्या अंगाला ऊस आला. १९३० च्या दशकात वालचंदनगर उभं राहिलं, नंतर माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचे सहकारी कारखाने आले. वर सुप्याकडे मात्र माळरान, रब्बीची ज्वारी, करडई आणि मयूरेश्वर अभयारण्यातली चिंकारा.

माझी समजूत अशी की या माश्यांची वाटणीही त्याच रेषेने झाली असावी. त्यासाठी त्यांचं आजचं वर्गीकरण थोडं समजून घ्यायला हवं. पूर्वी माश्या नुसत्या रूपावरून लावायच्या, आधी तोंडाची ठेवण, मग पंखांच्या शिरा. पण यांची खरी ओळख अळीत असते. एका उपकुळाच्या अळ्या मावा खातात. दुसऱ्याच्या बऱ्याचशा घाण पाण्यात किंवा कुजक्या लाकडात वाढतात. पाण्यातल्या अळीला श्वासासाठी उंदराच्या शेपटीसारखी लांब नळी असते. तिसऱ्याच्या अळ्या मुंग्यांच्या वारुळात राहतात, आणि त्या इतक्या विचित्र दिसतात की एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मन शास्त्रज्ञांनी त्यांना गोगलगाईच्या जातीत घातलं होतं. 'पिपिझा' आणि तिच्या बहिणी मात्र रूपावरून दुसऱ्या गटात बसवल्या होत्या, जरी त्यांच्या अळ्या मावा खात होत्या. २०१५ मध्ये डीएनएच्या आधाराने त्यांचं वेगळं, चौथं उपकूळ केलं गेलं आणि ते मावा खाणाऱ्यांच्या शेजारी जाऊन बसलं. थोडक्यात, अडीचशे वर्षं फिरून शास्त्र त्याच प्रश्नापाशी आलं जो कुठलाही शेतकरी पहिला विचारेल: ही खाते काय?

या प्रश्नावरून बघा. कालव्याच्या पट्ट्यात गोठे, शेणाचे खड्डे, गटारं, मळीचं पाणी. तिथे ठिपक्याठिपक्यांच्या डोळ्यांची 'एरिस्टॅलिनस' मला बारमाही दिसते. वरच्या जिरायतीत ती एखाद्या गोठ्यापाशीच. तिथे रब्बीत ज्वारीवर चिकटा पडला आणि करडई माव्याने काळी झाली की इस्किओडॉन आणि इवलीशी 'पॅरागस' हजर होतात. पीक निघालं की त्याही गायब. म्हणजे एकीचं दाणापाणी कालव्यावर, दुसरीचं रब्बीच्या ओलीवर.

आणि उसाचं? उसाची गोष्ट २००२ ची आहे. त्या पावसाळ्यात सांगलीकडच्या उसावर लोकरी मावा आला. हा मावा १८९७ मध्ये जावा बेटावरून वर्णन झालेला, आणि ईशान्य भारतात आधीपासून होता. पण आपल्याकडे असा उद्रेक पहिलाच. पानांखाली पांढरी लोकर, खाली गळणारा चिकट रस, त्यावर काळी बुरशी. बघता बघता तो राज्यभर आणि कर्नाटकातही पसरला. इंदापूरचे माझे मामा सांगतात, बाजारात मिळेल ते औषध लोकांनी मारलं. पण डोक्याच्या वर गेलेल्या उसात पंप पाठीला लावून शिरायचं कसं? आणि जिथे औषध पोचलं तिथे माव्याबरोबर त्याला खाणारेही मेले.

अखेर मावा आटोक्यात यायला मोठा हातभार लागला तो मित्र कीटकांचा. मुख्य मान 'डिफा' या पतंगाच्या अळीचा आणि 'मायक्रोमस'चा. त्यांच्या अळ्या-कोष असलेली पानं कापून दुसऱ्याच्या उसात नेऊन लावायची पद्धत तेव्हा रुळली. आणि याच माव्यावर ताव मारणाऱ्यांच्या यादीत आणखी एक नाव होतं, 'युपिओडिस कॉन्फ्रेटर'. व्हीडेमानचा तो 'सहकारी बंधू'! पावणेदोनशे वर्षांनी आमच्या उसात भेटला. याची एक अळी वाढेपर्यंत काही शे मावा फस्त करते.

पण ती अळी दिसते कशी? बिनपायाची, हिरवट-करडी, लिबलिबीत. मामांच्या शब्दांत "जळूचं पिल्लू". माव्याच्या गर्दीत अशी अळी बसलेली दिसली तर माणूस काय समजेल? हीच कीड! शत्रूच्या छावणीत सापडलेला आपला माणूस आपण शत्रू म्हणूनच मारतो, कारण त्याचं नाव आपल्याला माहीत नसतं. नावाचा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो तो एवढ्यासाठी. कोइमतूरला पैदास झालेल्या उसाच्या ८६०३२ वाणाला पाडेगावच्या केंद्राने 'नीरा' हे नाव दिलं. आकडा म्हणा की नाव, आज तो कुणीही ओळखतो. त्या उसाची राखण करणारीला मात्र लॅटिन नाव आहे, इंग्रजी आहे, मराठी नाही.

दुसरी अडचण फुलांची. अळी मावा खाते, पण माशी पराग आणि मधावर जगते, आणि अंडी पिकायला तिला पराग लागतोच. उसाला तुरा येतो पण त्यात मध नाही. मैलभर ऊसच ऊस असेल तर माशीने खायचं काय? पूर्वी बांधावर दगडीपाला, कोथिंबिरीचे चार वाफे, कडेला करडईचं पाटं असायचं. आता बांध अरुंद झाले, आणि उरलेल्यावर तणनाशक. मावा भरपूर आणि तो खाणारीला बसायला फूल नाही, अशी आजची गत आहे.

मामांना मी एवढंच म्हटलं की विहिरीकडच्या बांधावर औषध मारू नका. ते म्हणाले, "लोक म्हणतील बांध गबाळा ठेवलाय." मग थोडं थांबून म्हणाले, "बरं, यंदा राहू दे. कोथिंबीरबी टाकू दोन वाफे."

असो. तुमच्याकडे या माशीला काय म्हणतात? कोकणात, खानदेशात, मराठवाड्यात एखादं नाव असेल, एखाद्या आजीच्या तोंडी असेल, तर मला नक्की कळवा. नाहीतर आत्याचं 'खोटी मधमाशी' आहेच. मला तरी ते 'सिरफिड'पेक्षा खरं वाटतं.