फाटक–वालचंद ते लवासा

गाणगापुरास येणारा मुंबईकर यात्रेकरू भीमा-अमरजेच्या संगमाचे आणि निर्गुण पादुकांचे चिंतन करीत असतो. ज्या लोहमार्गाने तो येतो, त्यामागील श्रमांचे स्मरण त्यास सहसा होत नाही. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा हा मार्ग सोलापूर व गाणगापूर रोडवरून वाडीकडे जाऊन १८७१ साली रायचुरास मद्रासच्या मार्गाला मिळाला. या मार्गावरील बोरघाटात गाडीस मध्येच थांबावे लागे. इंजिन दुसऱ्या टोकास जोडून ती उलट दिशेने पुढे निघे. १८६३ पासून चालत आलेला हा खोळंबा १९२९ साली नव्या बोगद्यांमुळे संपला. ते बोगदे खोदणाऱ्या कंपनीचा सूत्रधार याच मार्गावरील सोलापूरचा होता.

वालचंद हिराचंद दोशी यांचा जन्म सोलापुरात १८८२ साली झाला. घराणे गुजराती जैन, व्यवसाय कापसाचा व सावकारीचा. वालचंदांचे मन मात्र पेढीवर रमले नाही. रेल्वेतील माजी कारकून लक्ष्मणराव बळवंत फाटक यांच्याशी त्यांनी भागीदारी केली आणि बार्शी लाइट रेल्वेच्या येडशी–तडवळे भागाचे काम घेतले. अडीच फूट रुंदीच्या त्या चिमुकल्या लोहमार्गावर एका मोठ्या उद्योगाचा पाया पडला. एकापाशी भांडवल व धाडस, दुसऱ्यापाशी रेल्वेच्या कारभाराची माहिती, असा तो योग होता.

परंतु भागीदारी हा माणसांच्या आयुष्याशी बांधलेला संबंध आहे. विरुद्ध करार नसेल तर एका भागीदाराच्या मृत्यूने ती कायद्याने संपुष्टात येते. मर्यादित जबाबदारीच्या कंपनीचे तसे नाही. सभासद गेले तरी ती उरते. वर्षानुवर्षे चालणारी कामे अंगावर घ्यावयाची, तर असे चिरंजीव शरीर हवेच. १९२० साली फाटक–वालचंद हा व्यवसाय टाटा कन्स्ट्रक्शन कंपनीत मिसळला. १९२६ साली वालचंदांनी हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनी स्थापिली. बोरघाटाच्या बोगद्यांबरोबरच तानसा तलावाचे पाणी मुंबईस आणणाऱ्या नळांचे कामही वालचंदांच्या हातून झाले. १९५३ साली त्यांचे निधन झाले, पण कंपनी थांबली नाही. कोयनेचे धरण तिने बांधले आणि २००९ साली खुला झालेला वांद्रे–वरळी सागरी सेतूही तिचाच.

या साऱ्या कामांत एक गोष्ट समान होती. कंपनीने बांधावे, मोबदला घ्यावा आणि काम धन्याच्या स्वाधीन करून बाजूस व्हावे. नळ नगरपालिकेचे, धरण सरकारचे. पाणी न आल्यास नागरिकाने जाब विचारावयाचा तो नगरपालिकेस, आणि तेथे त्याच्या हाती मत होते.

पुढे कंपनीने ही मर्यादा ओलांडली. पुण्याच्या पश्चिमेस वरसगाव धरणाच्या जलाशयाकाठी तिच्या उपकंपनीने लवासा हे नगरच वसवावयास घेतले. २००८ साली शासनाने त्या उपकंपनीस विशेष नियोजन प्राधिकरणाचे अधिकार दिले. म्हणजे बांधणारी तीच आणि बांधकामास परवानगी देणारीही तीच! न्यायाच्या ज्या प्राथमिक तत्त्वाप्रमाणे कोणी स्वतःच्या खटल्यात न्यायाधीश होऊ नये, त्याची येथे आठवण व्हावी. २०१० साली केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने काम थांबविले, २०१७ साली ते अधिकार काढून घेण्यात आले आणि ऑगस्ट २०१८ मध्ये नादारीची कारवाई सुरू झाली. त्याच वर्षी नादारीच्या कायद्यात दुरुस्ती होऊन घर घेणाऱ्यास ‘आर्थिक धनको’ हा दर्जा मिळाला. ही दुरुस्ती हितकर खरी. परंतु तिचा अर्थ ध्यानी घ्यावा. रस्ता, पाणी, दिवे यांविषयी ज्याने नागरिक म्हणून जाब विचारावयाचा, तो आता इतर सावकारांच्या रांगेत आपल्या येण्याचा हिशेब मांडीत उभा राहिला.

वालचंदांच्या कर्तृत्वास याने उणेपणा येत नाही. परक्या राज्यात, परक्या कंत्राटदारांशी टक्कर देऊन त्यांनी या देशाचे बांधकाम या देशातील माणसांच्या हाती आणले. पण कंपनीस कायद्याने दिलेले चिरंजीवित्व कर्जाच्या ओझ्याखाली सरू शकते. नगरातील माणसांना मात्र दुसऱ्या दिवशीही पाणी लागते. म्हणून नगर बांधण्याचे काम कंपनीस खुशाल द्यावे. नगराचा कारभार तेथे राहणाऱ्यांनी निवडलेल्या संस्थेकडेच असावा.