दिनविशेष : १२ जून

१२ जून १९४६ रोजी रत्नागिरीत पु. ल. देशपांडे आणि सुनीता ठाकूर यांनी नोंदणी पद्धतीने लग्न केले. बरोबर ५४ वर्षांनी, १२ जून २००० रोजी, पुलंनी पुण्यात अखेरचा श्वास घेतला. पेटीवर लीलया फिरणारी त्यांची बोटे उतारवयात कंपवाताने जखडली होती. आपल्या माणसांवर त्यांचा फार जीव. ‘गणगोत’ या व्यक्तिचित्रांच्या पुस्तकात आजोबा ‘ऋग्वेदी’ आणि छोटा दिनेश यांच्याच पंक्तीला त्यांनी बेळगावचे रावसाहेब बसवले. रक्ताचे नाते नसले म्हणून काय झाले! याच बेळगावात उद्यमबागेजवळच्या टिळकवाडीतले राणी पार्वतीदेवी महाविद्यालय आपल्या रोजच्या वाटेवरचे. तिथे पुलंनी काही काळ प्राध्यापकी केली, हे मुलांना ठाऊक असायलाच हवे. आज घरात सगळ्यांनी मिळून ‘रावसाहेब’ वाचा, मोठ्याने.